तुझ्या शहरातून रोज येणारा चोर

१२ जानेवारी

चिंगे,

पाकीट पाहूनच नाक मुरडलं असशील. कारखान्याची बाब फोनवर बोलायची नाही, कागदावर लिहायची, हा बाबांचा नियम मी अजून पाळतो. फोनवर तू ओरडतेस, मी ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी दोघंही 'असं मी म्हटलंच नव्हतं' म्हणून मोकळे होतो. कागदावर ती सोय नाही.

तर बातमी अशी की मी व्हीपीएन घेतलं. दादाला सूत रंगवण्यापलीकडे काही कळत नाही असं तू चारचौघांत म्हणतेस ना, मग ऐक. गेल्या महिन्यात एका मोठ्या हॉटेलात 'निर्णय घेणाऱ्यांसाठी व्हीपीएन' असं व्याख्यान होतं. मला खास आमंत्रण होतं. थंडगार हॉल, कोट घातलेला वक्ता, पडद्यावर एक बोगदा आणि त्या बोगद्यातून सरसर जाणारं एक कुलूप. तो म्हणाला, मालकाने तपशिलात शिरायचं नसतं, निर्णय घ्यायचा असतो. मला माणूस पटला. चहाच्या सुट्टीच्या आतच मी निर्णय घेऊन टाकला.

पुढचं सगळं तुझ्या वहिनीच्या भावाने केलं. त्याने घरच्या लॅपटॉपवर एक हिरवं बटण आणून ठेवलंय. ते दाबलं की 'तुम्ही सुरक्षित आहात' अशी अक्षरं येतात. मग मी घरी बसल्या बसल्या रंगखोलीतल्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या रंगांच्या कृती पाहू शकतो. कुठला रंग किती, मीठ किती, पाणी किती गरम, सगळं. तू दवाखान्यात वायरी जोडत फिरतेस आणि वर आम्हाला शहाणपण शिकवतेस, म्हणून मुद्दाम कळवलं.

आणखी एक. नाल्यापलीकडच्या कारखानदाराने आपला गर्द निळा बाजारात आणलाय. आपला म्हणजे बाबांचा. सुताच्या लडी शेजारी शेजारी ठेवल्या तर मलाही फरक सांगता आला नाही. कृती बाहेर गेली आहे एवढं नक्की. कोणी नेली ते मी शोधणारच.

दादा

—

१९ जानेवारी

दादा,

हॉल थंडगार होता हे वाचून बरं वाटलं. म्हणजे तिथली एक तरी वस्तू नीट चालत होती.

मी वायरी जोडत नाही. दवाखान्याचं सगळं नेटवर्क माझ्या हाताखाली आहे, हे तुला इतक्या वर्षांत निदान दहा वेळा सांगून झालंय. ते राहू दे. तू नक्की काय विकत घेतलंस ते आधी कळू दे, कारण व्हीपीएन या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि तुझ्यासारखी गिऱ्हाइकं दिसली की विकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं.

एक असतं कचेरीचं. त्याचं दार कारखान्यातच असतं. घरी बसलेल्या माणसापासून थेट त्या दारापर्यंत झाकलेली वाट. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही. ज्याला त्याला आपापली किल्ली, किल्लीने फक्त आपली खोली उघडते आणि माणूस नोकरी सोडून गेला की किल्ली रद्द. त्या वाटेवरून न येणाऱ्याला कारखान्याचा कॉम्प्युटर दिसतही नाही.

दुसरं असतं हिरव्या बटणाचं. ते तुला तुझ्या घरापासून दुसऱ्याच कुठल्या तरी शहरातल्या परक्या कंपनीच्या मशीनपर्यंत झाकून नेतं. तिथून पुढे तू चारचौघांच्या रस्त्याने जातोस, फक्त त्या शहरातला रहिवासी असल्यासारखा. इथे न दिसणारे सिनेमे बघायला लोक ते घेतात. त्यात वाईट काही नाही. पण त्याने कारखान्याच्या दाराला कडी लागत नाही. तुला घरून कृती दिसाव्यात म्हणून त्या हुशार माणसाने रंगखोलीचा कॉम्प्युटर सरळ इंटरनेटवर उघडा टाकला असणार. म्हणजे तू छत्री घेतलीस आणि घराचं छप्पर काढून टाकलंस.

तीन गोष्टी विचारते. सरळ उत्तर दे. ते बटण कुठल्या शहराचं नाव दाखवतं? कॉम्प्युटर इंटरनेटवर उघडा आहे का? आणि अजून सगळे जण 'मालक' या एकाच नावाने आत जातात का? बाबा म्हणायचे आपल्या माणसांत कुलपं कशाला. बाबांच्या वेळी कृती त्यांच्या डोक्यात असायच्या, त्यांना म्हणायला काय जात होतं.

चिंगी

—

२ फेब्रुवारी

चिंगे,

तुझ्या प्रश्नांना उत्तरं देत बसायला मला वेळ नाही. कुठलं शहर म्हणे! ते आपोआप 'सर्वांत जलद' निवडतं. मी त्याला हात लावत नाही. आणि 'मालक' हे नाव बाबांनी ठरवलंय, ते बदलायचं नाही.

आता बसून वाच. उभी असशील तर बस.

कॉम्प्युटरमध्ये कोण केव्हा आलं त्याची यादी निघते, हे मला तुझ्या वहिनीच्या भावाने दाखवलं. कारखान्यातली माणसं आली की 'आतून' असं लिहिलेलं असतं. बाहेरून कोणी आलं तर त्याच्या शहराचं नाव येतं. चिंगे, बाहेरून रोज कोणीतरी येतंय. रोज संध्याकाळी. आणि त्याच्यापुढे शहर लिहिलंय ते तुझं!

मी डोळे चोळून पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. तुझंच शहर. नाव 'मालक', म्हणजे परवलीचा शब्द घरच्याच माणसाला ठाऊक. त्या शहरात आपलं दुसरं कोण आहे? आता मी रोज जेवणाआधी हिरवं बटण दाबून बघतो, आज चोर आला का. आणि रोज यादीत सगळ्यात वर तू. जणू माझीच वाट बघत बसलेली असतेस. निर्लज्जपणाची हद्द झाली.

कागद वाचायला दिला असता मी. मागितला असतास तर निळ्याची कृती तुला फ्रेम करून दिली असती. लहानपणी त्या निळ्यात हात बुडवून तू भिंतीवर पंजे उमटवले होतेस आणि मार मी खाल्ला होता. तोच निळा विकलास?

काकांना सांगितलं. आत्याला सांगितलं. धाकट्या काकूंनाही सांगितलं. महिनाअखेरीस भागीदारांची बैठक आहे. सोबत कागद जोडलाय, तू भागीदारीतून बाहेर पडतेस असा. सही करून पाठव, म्हणजे बैठकीत तुझ्या नावाचा उच्चार तरी होणार नाही. इतकं मी अजून तुझ्यासाठी करतोय.

दादा

—

६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले. हा क्रम लक्षात ठेव, कारण पुढे कधीतरी तू म्हणशील की चिंगीने हसण्यावारी नेलं.

काल आत्याला फोन केला. तिने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवून दिला. जिने मला वेणी घालायला शिकवलं त्या बाईने. तू एका संध्याकाळी यादी बघितलीस आणि माझं माहेर पुसून टाकलंस. वा रे निर्णय घेणारा!

चोर कोण ते मला समजलंय. तुझं पत्र निम्मं वाचून झालं तेव्हाच समजलं. पण मी सांगितलं तर तू म्हणशील, बनवाबनवी करते आहे. मी बोलले की तुझ्या कानाला दडे बसतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून सांगत नाही. तू स्वतःच बघ. निर्णय घेऊ नकोस, नुसतं बघ. जमेल?

एक आठवडा संध्याकाळी ते हिरवं बटण दाबू नकोस. घरून कॉम्प्युटर उघडू नकोस. आठवडा झाला की कारखान्यात जाऊन, तिथल्या खुर्चीत बसून यादी बघ. मग घरी ये, बटण दाब, पण 'सर्वांत जलद' सोडून यादीतलं दुसरं कुठलंही शहर निवड आणि कृती उघड. मग बघ चोर कुठून येतो. हे लहान मुलालाही जमेल, म्हणून तुला सांगते आहे.

आणि निळ्याचं म्हणशील तर, बाजारातून आपल्याच सुताची एक लडी आणून रंग जुळवणाऱ्या यंत्राखाली धरली की कृती हातात येते. तसलं यंत्र तुझ्याकडेही आहे. त्यावर तू टोप्या ठेवतोस.

कागदावर सही करत नाही.

चिंगी

—

२० फेब्रुवारी

चिंगे,

अखेर सापडलीस!

तू सांगितलंस तसं अक्षरशः केलं. एक आठवडा बटणाला हात लावला नाही. चोर आला नाही. एकदाही नाही! म्हणजे माझं पत्र हाती पडताच तू थांबलीस. याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला लागतो? काकांना दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

मग दुसरं केलं. बटणाच्या यादीत एक बर्फाच्या देशातलं शहर होतं, नाव उच्चारताही येत नाही असं. ते निवडलं आणि कृती उघडल्या. आणि चिंगे, त्याच क्षणी चोर आला. त्याच बर्फाच्या शहरातून! तुझं शहर गायब.

आता मला सांग, तिकडे तुझं कोण आहे? भाचा परदेशी शिकायला गेलाय म्हणे. हेही मला काकांकडून कळतं, तुझ्याकडून नाही. तो थंड देशातच आहे ना? थंड देश सगळे जवळजवळच असतात. पोटच्या पोराला या कामाला जुंपलंस? मी त्याच्या मुंजीत त्याला सायकल दिली होती.

आणि मी कुठलं शहर निवडणार हे तुला तिथे बसून कसं कळलं, हे मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. बैठकीत तेच पहिलं विचारणार आहे.

दादा

—

२३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी लिहिते आहे, वहिनी. यांना माहीत नाही. माहीत झालं तरी माझं काही बिघडत नाही.

तुमची पत्रं हे जेवणाच्या टेबलावर टाकून देतात आणि मी ती वाचते. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या मागून आवरता आवरता मला इतकं कळलंय की हे जेव्हा 'अखेर सापडली' म्हणतात, तेव्हा वस्तू यांच्याच खिशात असते. चष्म्याचं असंच होतं. म्हणून तुमचं सहा तारखेचं पत्र मी पुन्हा वाचलं आणि काल संध्याकाळी यांना खुर्चीत बसवलं.

म्हटलं, शहर निवडा. यांनी एक निवडलं. कृती उघडल्या, यादी बघितली. चोर त्या शहरातून आलेला. म्हटलं, दुसरं निवडा. चोर तिथे. तिसरं निवडलं, चोर तिसऱ्या शहरात. हे म्हणाले, 'केवढी मोठी टोळी आहे बघ!' देवा रे देवा. मी म्हटलं, आता बटण बंद करा आणि नुसतंच उघडा. उघडलं. यादीत सगळ्यात वर आपलं शहर आलं.

यांनी चष्मा पुसून यादी पुन्हा वाचली. मग विचारलं, 'म्हणजे रोज संध्याकाळी मीच?' म्हटलं, हो, तुम्हीच. चोर आला का ते बघायला रोज चोरच जात होता. त्या कंपनीचं आम्हाला सगळ्यात जवळचं मशीन तुमच्या शहरात, म्हणून ते आपोआप लागायचं. बाकी काही नाही.

माझ्या भावालाही झापलं. तो म्हणतो, 'भाऊजींनी मला विचारलंच नाही, त्यांनी सांगितलं आणि मी लावलं.' दोघंही एका माळेचे मणी.

हे तुम्हाला लवकर लिहिणार नाहीत. पेन हातात घेऊन बसतात, टोपण काढतात, पुन्हा लावतात. ताई, मला मात्र लाज वाटते. आत्यांनी तुमचा फोन ठेवला हे कळूनही मी काही बोलले नव्हते.

तुमची,
वहिनी

—

२६ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नकोस, त्या घरात डोकं वापरणारी ती एकटीच आहे.

तू माझी माफी मागायला बसला असशील तर पेन ठेवून दे. तुझी माफी मला माहीत आहे. त्यात 'पण' असतो आणि 'पण'च्या पुढे दोन पानं असतात.

मला दुसरंच काहीतरी हवंय. ज्या ज्या घरी जाऊन तू मला चोर म्हणालास, त्या त्या घरी जा. फोन करायचा नाही, पायाने जायचं. आणि 'गैरसमज झाला' असं पुटपुटून चहा पिऊन परत यायचं नाही. काय झालं ते समजावून सांगायचं. व्हीपीएन म्हणजे काय, तू कुठलं घेतलंस, चोर का दिसला, सगळं. आत्याला नीट समजेपर्यंत उठायचं नाही. निर्णय घेताना तपशिलात शिरला नाहीस ना, आता शीर.

त्याआधी एक काम. रंगखोलीचा कॉम्प्युटर आजच्या आज इंटरनेटवरून काढ. आजच. तुला अजून कळलेलं नाही की काय होऊ शकलं असतं. दार सताड उघडं होतं, सगळ्यांची मिळून एकच किल्ली होती आणि तू यादीत फक्त एकच नाव शोधत होतास, माझं. खरा चोर आला असता तर तुला दिसलाही नसता.

मी लग्न करून या शहरात आले म्हणून तुझ्या यादीत मी 'बाहेरून' झाले. ते यंत्राने नाही लिहिलं दादा, ते तू लिहिलंस. मला त्याचा फार राग आलाय आणि तो लवकर जाणार नाही.

चिंगी

—

९ मार्च

चिंगे,

कॉम्प्युटर काढला. त्याच दिवशी. तुझ्या वहिनीच्या भावाने वायर ओढली आणि मी उभा राहून बघितलं. बैठक झाली, तुझ्या जागेवर तुझी खुर्ची ठेवली होती. मी जोडलेला कागद तुझ्याकडेच आहे, तो तूच फाड. तुला फाडायला आवडतं.

आता घरोघरचं सांगतो. काकांकडे सोपं गेलं. त्यांनी अर्ध्यात हात वर केले आणि म्हणाले, 'म्हणजे तू मूर्ख ठरलास, एवढंच ना? ते आम्हाला समजलं.' धाकट्या काकू हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. असा पाणउतारा माझा शाळेतही झाला नव्हता.

आत्याने मात्र सोडलं नाही. 'बोगदा कुठून सुरू होतो?' म्हणाली. सांगितलं. 'संपतो कुठे?' मला पटकन सांगता येईना. मग तिच्या दिवाणखान्यातच दाखवलं. तिची खुर्ची म्हणजे माझं घर, दार म्हणजे कारखाना आणि खिडकी म्हणजे तुझं शहर. मी खुर्चीतून उठून आधी खिडकीशी गेलो, अंगावर तिची चादर घेऊन. खिडकीशी चादर काढली आणि उघडाच दाराकडे चालत गेलो. चालता चालता मधेच थांबलो. चिंगे, तेव्हा मला कळलं. खिडकीपासून दारापर्यंत अंगावर काहीच नाही! आणि दारात बसलेला माणूस म्हणणार, हा खिडकीकडून आला. त्या कोटवाल्याने एवढा मोठा पडदा लावून जे सांगितलं नाही, ते मी आत्याची चादर पांघरून शिकलो. या वयात.

आत्याने चादर घडी घालून ठेवली. मग म्हणाली, 'म्हणजे तू इथे बसलेला आणि रोज संध्याकाळी दिसत होतास चिंगीच्या शहरात?'

म्हटलं, हो.

'आणि खराखुरा कधी गेला होतास?'

मी आठवून पाहिलं. आत्या वाट बघत बसली. तुझं नवीन घर मी पाहिलेलंच नाही. कारखाना, गिऱ्हाईक, लॉट अडकलाय, दर वर्षी काहीतरी निघतं. तुझा पत्ता मला पाठ आहे, पण तो पाकिटावर लिहून लिहून. मान खाली घालून तिच्या दारातून निघालो. तिने पाठीमागून सांगितलं की चिंगीला फोन ती स्वतः करणार आहे. केला का?

तू म्हणालीस माफीत 'पण' घालू नकोस. घालत नाही. मी तुला चोर म्हणालो. तू चोर नव्हतीस. माझं चुकलं. झालं, एवढंच. हे लिहायला मला सकाळ लागली, त्यावर काही बोलू नकोस.

कचेरीचं खरं व्हीपीएन लावायचं आहे. वेगळ्या किल्ल्या, वेगळी नावं, तू म्हणशील तसं. 'मालक' नाव काढून टाकलं तरी चालेल. ते समजून घ्यायला मी शनिवारी सकाळच्या गाडीने निघतोय. कामासाठीच येतोय, उगाच हुरळून जाऊ नकोस. स्टेशनवर येऊ नकोस, मी विचारत विचारत येईन. तुझ्या चहाला चव नसते हे मला आठवतंय, तरी ठेव. भाच्याचा फोटो असला तर काढून ठेव, कुठल्या देशात आहे तेही सांग.

संध्याकाळपर्यंत पोचेन. रोज त्याच वेळेला तर येत होतो. या खेपेला बटण न दाबता येतोय.

दादा